एका बोटावरचा ऑर्केस्ट्रा

असोद्याचा हितेंद्र लग्नांतून कीबोर्ड वाजवायचा. पण वाजवण्यापेक्षा दिसण्यावर त्याचा जीव जास्त. चमकीचं जाकीट, मान झटकणं, डोळे मिटून आभाळाकडे बघणं, सगळं त्याला तोंडपाठ. वडील रतिलालनानांनी गावच्या भजनी मंडळात उभा जन्म पेटी वाजवलेली. लेकाच्या कार्यक्रमाला ते कधी फिरकले नव्हते. "तो वाजवत नही, नुस्ता दिसत राह्यते," एवढं म्हणून ते विषय संपवत. हे हितेंद्रला फार लागायचं. नानांनी एकदा तरी चांगलं म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

दुसऱ्या कुणी रियाज वाढवला असता. हितेंद्रने मिडी आणलं. म्हणजे कीबोर्डची पट्टी दाबली की वायरीतून इशारा जातो आणि पलीकडचं यंत्र चालू होतं. डाव्या टोकाला कधी न वाजणाऱ्या पट्ट्या उगाच बसून होत्या, त्यांना त्याने कामाला लावलं. एकीवर धुराचं मशीन, दुसरीवर फुलं उधळणारी तोफ. ही मशीनं सांभाळणाऱ्या मगनला त्याने हात जोडून घरी पाठवलं.

रावेरला एका केळी व्यापाऱ्याच्या मुलाचं रिसेप्शन होतं. नवरदेव नात्यातला, म्हणून नाना आले आणि नेमके पहिल्या रांगेत बसले.

गायिका दिपमालाचा घसा थंडगार मठ्ठ्याने बसला होता. "भाऊ, आज काळी पाच झेपायची नाही. काळी तीन घ्या," ती म्हणाली. हितेंद्रने सवयीने बटण दाबून सूर चार पट्ट्या खाली उतरवला. बोटं जुन्याच जागी, सूर आपोआप खाली. लग्नातले वादक हेच करतात. पण सुराबरोबर इशाराही चार पट्ट्या डावीकडे सरकला, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. डाव्या हाताचा सा थेट धुरावर जाऊन बसला आणि रे तोफेवर.

गाणं तर घडोघडी सा वर येणारच. दोन ओळींत स्टेज धुरात गडप झालं. नवरदेव समजून पाहुण्यांनी व्हिडिओवाल्याला पुष्पगुच्छ दिले, आणि त्यानेही ते घेतले. थांबावं तर नानांसमोर नाक कापलं जाणार, सूर चढवावा तर दिपमालाचा गळा फाटणार. हितेंद्रला रडू यायचं बाकी होतं. मान झटकायचीही सोय नव्हती, बघणार कोण? जन्मात पहिल्यांदा त्याने नुसतं वाजवलं.

गाणं संपलं. टोपीवर पाकळ्या घेऊन नाना खोकत स्टेजजवळ आले. हितेंद्रने मान खाली घातली.

"चांगलं वाजवलं आज," नाना म्हणाले. "दिसला नही, म्हनून आयकू आला."

हितेंद्र अजून गावभर नानांचं पहिलं वाक्य सांगत फिरतो. दुसरं गिळतो. धुराच्या मशीनचं तोंड मात्र हल्ली त्याने आपल्याच कीबोर्डकडे वळवून ठेवलंय.