मे महिन्यातला समुद्र

समजा, तुम्हाला वेटसूट निवडायचा आहे. वेटसूट म्हणजे अंगाला घट्ट बसणारा फोम रबराचा पोशाख. आत शिरलेलं थोडं पाणी शरीराच्या उबेनं गरम होतं आणि थंडी बाहेर राहते. तीन मिलिमीटर जाडीचा घेतला तर हात मोकळे फिरतात, पाच मिलिमीटरचा घेतला तर ऊब टिकते. पाणी किती अंश आहे हे कळलं की झालं. फक्त तो समुद्र तुम्ही कधी पाहिलेला नाही, आणि पोशाख घालणारा तुमचा एकुलता एक मुलगा आहे.

तंजावूरच्या राजवाडा परिसरात राहणाऱ्या बाळकृष्णरावांवर १९९९ साली ही वेळ आली. ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. त्यांचा कार्तिक सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथे फळीवर उभं राहून लाटांवर घसरायला शिकू लागला. दिवाळीचा शर्टसुद्धा अप्पांना विचारून घेणारा मुलगा तो. वेटसूटचंही त्यानं फोनवर विचारलं. दुकानदार पाचचा घे म्हणतोय, असंही सांगितलं.

"दुकानदार जाडच विकणार," बाळकृष्णराव म्हणाले. "जानेवारीत पाणी किती होतं?"

"तेरा."

"मग मे महिन्यात अठरा तरी होईल. तीनचा पुरे."

"सरि, अप्पा," कार्तिकनं तमिळमध्ये होकार भरला.

हिशेब साधा होता. मे म्हणजे कत्तिरीचं, वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. तंजावूरला अंगणातली फरशी पायाला चटके देते, नागपट्टिणमचा समुद्र कोमट होतो. उन्हाळ्यात पाणी तापतं, हे तर त्यांनी वर्गात कितीतरी वेळा शिकवलेलं.

मे महिन्यात एका सकाळी कार्तिकच्या खोलीत राहणाऱ्या भरद्वाजचा फोन आला. कार्तिकला पाण्यातून ओढून काढावं लागलं होतं. ओठ निळे पडले होते, बोटं फळी धरेनात. इस्पितळात ऊब दिल्यावर शुद्धीवर आला, आता बरा आहे. बरोबरची मुलं कुडकुडत आधीच बाहेर आली होती, हा एकटाच आत राहिला, असंही भरद्वाज सांगून गेला.

पाणी अकरा अंश होतं.

बाळकृष्णराव तडक बस स्टँडजवळच्या ब्राउझिंग सेंटरवर गेले. तिथल्या पोराकडून त्यांनी पानामागून पान उघडून घेतलं. त्या किनाऱ्यावर वसंतात जोरदार वारे वाहतात, वरचं पाणी बाहेर ढकलतात आणि खोलातलं गार पाणी वर येतं. तिथे मे जानेवारीपेक्षाही थंड असू शकतो. समुद्र सप्टेंबरात कुठे जरा तापतो. हे सगळं चार ओळींत लिहिलेलं होतं.

घरी येऊन त्यांनी बर्फ मागवला, बादलीत टाकला, शाळेतून आणलेला जुना थर्मामीटर बुडवला आणि पारा अकरावर आल्यावर हात आत घातला. बर्फ वितळला की आणखी टाकायचे. बोटं आधी दुखली, मग लाल झाली, मग दुखेनाशी झाली. हात मात्र त्यांनी काढला नाही.

विशालाक्षीबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. शेवटी त्यांनीच मनगट धरून हात बाहेर काढला आणि पदरानं पुसला.

"त्याला विचारा," त्या म्हणाल्या. "बादलीला काय विचारता?"

पुढच्या रविवारी फोन आला. काय नाही झालं अप्पा, मोठी लाट आली, एवढंच, असं कार्तिक म्हणाला. पाचचा सूट घेतल्याचं सांगितलं. किती मिलिमीटरचा घेऊ, हे या वेळी त्यानं विचारलं नव्हतं. मग आईनं केलेल्या वडूमांगाच्या, कोवळ्या अख्ख्या कैऱ्यांच्या लोणच्याबद्दल बोलत राहिला. बाळकृष्णरावांनी माझं चुकलं म्हटलं, तेव्हा त्यानं घाईघाईनं फोन अम्माकडे द्यायला सांगितला.

त्यानंतरही दर रविवारी बोलणं होतं. कार्तिक पगाराचं, नव्या घराचं सांगतो, समुद्राचं सांगत नाही. बाळकृष्णराव कॉर्डलेस हातात धरून अंगणात फेऱ्या मारतात आणि विचारायचं ते राहून जातं: बोटं बधिर होत होती, सोबतची मुलं बाहेर निघाली होती, किनारा समोर होता. मग तू का थांबलास, कार्तिक? मी अठरा सांगितलं होतं म्हणून?