मामंजींनी निवडलेली बंदूक

निवडणूक आली की शेतराखणीची बंदूक भोरच्या ठाण्यात जमा करावी लागते. काल ती पुसायला घेतली आणि तेलाच्या वासासरशी पुण्यातलं दुकान आठवलं.

परवाना तेव्हा सासऱ्यांच्या नावावर, एकाच बंदुकीचा. डुक्कर, वानर, साळिंदर, सगळ्यांना तीच पुरायला हवी होती. दुकानदारानं दुनळी पुढं केली. मामंजींनी ती डोळे भरून पाहिली आणि बाजूला ठेवली. मग हलकी एकनळी उचलून माझ्या हातात दिली.

"सूनबाई, खांद्याला लावून बघ."

दुकानदार हसला. "आजोबा, शिकारीला सूनबाई जाणार का?"

"शिकारीला न्हाई, राखणीला. माझं वय झालं, ल्योक मुंबईला. डुकरं काय यायची थांबत्यात?"

पदर सावरत मी ती कशीबशी लावली. गार लाकूड खांद्याला नीट बसलं, पण लाजेनं मान वर होईना. म्हाताऱ्यानं माझं हसं केलं, असंच तेव्हा वाटलं. भाताची खाचरं त्यांनी त्याच दिवशी माझ्या हाती सोपवली होती, हे आता कळतं.

आज ठाण्यात शिपायानं विचारलं, "आजी, बंदूक कुणाची?"

मी मान वर करून म्हणाले, "माझीच हाय."