ओवीचा आकडा

“हा दमाच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. माझी आठ वर्षांची सई तेव्हा त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती.

आम्ही डोंबिवलीचे. उपचार ठाण्याला, वर्तकनगरजवळच्या एका दवाखान्यात सुरू झाले. स्पेसर लावून इनहेलर घ्यायचा. स्पेसर म्हणजे औषधाचा फवारा धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी. शिवाय पीक फ्लो मीटर. त्यात जोरात फुंकलं की श्वास किती मोकळा आहे ते आकड्यात कळतं. रोज सकाळी तो आकडा वहीत लिहायचा. औषध लागू पडतंय का, ते डॉक्टर त्यावरून ठरवणार होत्या.

त्याच दिवशी तिथेच खडवलीच्या ओवी नावाच्या मुलीलाही तेच औषध सुरू झालं. वय तेच, उंची जवळपास तीच. दीड महिन्यात तिचा आकडा एकशे चाळीसवरून दोनशे दहावर गेला. सई दीडशेच्या पुढे सरकेना. बाकावर शेजारी बसून ओवीची आई कौतुकाने वही दाखवायची आणि मला ती नकोशी व्हायची. ओवीचा आकडा जरा घसरावा, असंही मनात आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं.

मग मी सईच्या वहीत खोटं लिहायला लागले. आधी एकशे ऐंशी, मग दोनशे.

वही बघून डॉक्टर खूश झाल्या. “छान. आता डोस कमी करू.”

मी वहीवर हात ठेवला. “मॅडम, नका करू. आकडे मी वाढवून लिहिलेत.”

त्यांनी वही मिटली. “अहो, ही परीक्षा सईची नाही, माझ्या औषधाची आहे. तुम्हीच खोटं लिहिलंत तर मला कळणार कसं?” डोस तसाच ठेवून त्यांनी आठवड्याने बोलावलं.

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. ओवीची आई जवळ आली. आकडा वाढत नाही, एवढंच मी तिला सांगितलं.

“ताई, इनहेलरचा पंप कशी घेते ती? दाखव गं बाळा.”

सईने घेतला आणि लगेच श्वास सोडला.

“तसा नाही सोडायचा. दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. आमची पण आधी असंच करायची.”

हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी नुसती मान हलवली होती.

तुमच्या घरी अशी वही असेल, तर खरंच लिहा. सई आता एकशे नव्वदला आहे. ओवी अजून पुढेच आहे आणि माझ्या पोटात अजूनही थोडं दुखतं. तिच्या आईचे आभार मानायचे मात्र तेव्हा राहून गेले. ते इथे मानते.