तिचं सामान त्यांच्या पाठीवर

आमचे हे मिलिटरीत होते. एकाहत्तर साली माघात दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तिच्या जन्मानंतर ते एकदाच येऊन गेले होते, तेव्हा ती पाळण्यात होती. त्यामुळं मेढ्याजवळच्या आमच्या घरात एक अनोळखी माणूस शिरला, एवढंच तिला कळलं. ते जवळ आले की ती माझ्या पदरात तोंड घालायची. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना तिनं मोठ्यानं विचारलं, "आई, त्यो मानूस कवा जानार?"

दीर हसले. सासूबाईंनी तिला दटावलं. यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मला माहेरी, सांगलीजवळच्या माधवनगरला जायचंच होतं. माझे वडील तिथं कापडगिरणीत होते. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "चालत जाऊ."

मला वाटलं, थट्टा करतायत. साताऱ्याला एसटी होती, पुढं सांगलीची होती. पण यांचं ठरलं होतं. "एश्टीत ती तुझ्या मांडीवर बसंल, माझ्याकडं पाठ करून. उतरली की तिथनं आजीच्या कडंवर. रस्त्यावर तिला माझ्यासंगं ऱ्हावंच लागंल."

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "पोरीला घिऊन पायी? लोकं म्हनतील, मिलिटरीत पगार देत न्हाईत."

"पगार देत्यात की आई," हे म्हणाले. "पोरगी वळख देत न्हाई, त्याचं काय करू?"

सामान लावणं माझ्याकडं. ते काम मला तेव्हाही चांगलं यायचं. यांचा पाठीवरचा मोठा पिठ्ठू होता, त्यात दोन वाकळा, तवा, पातेलं, पीठ आणि यांचे कपडे. माझ्या खांद्याला घरी शिवलेली पिशवी. तिच्यात दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, मुलीची झबली, तिचा छोटा पेला, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि उन्हासाठी तिचं टापरं. चालता चालता हात घातला की हवं ते मिळालं पाहिजे, असा माझा हिशेब. वाट सातारा, रहिमतपूर, पुसेसावळी, विटा, तासगाव अशी. वाटेत कुठं पाहुणे होते, कुठं देऊळ, कुठं शाळेची पडवी. मुक्काम मी आधीच धरून ठेवले होते.

सुरुवातीला सगळं माझ्या मनासारखं चाललं, आणि यांच्या मनासारखं काहीच नाही. मुलगी थोडं चालायची, मग माझ्या कडेवर. तहान लागली की माझा पदर ओढायची. भूक लागली की माझ्या पिशवीत हात. हे दहा पावलं पुढं चालायचे, मागं वळून बघायचे, पुन्हा चालायचे. यांनी रानातली पिकलेली बोरं ओंजळभर आणली. तिनं ती माझ्या हातून खाल्ली.

रहिमतपूरच्या पुढं एका गुऱ्हाळाजवळ आम्ही सावलीला बसलो. ती माझ्या मांडीवर झोपली होती. हे म्हणाले, "एक सांगू? रागावू नगंस. सगळं तुझ्याच पिशवीत हाय. माझ्याकडं मागायला तिला काय ठिवलंयस?"

मी पिशवीकडं बघितलं. खरंच होतं. इतकी नीट व्यवस्था लावली होती मी, की तिला बापाची गरजच पडत नव्हती.

तिथंच मी सगळं उपसलं. यांचे कपडे, पीठ, तवा माझ्याकडं घेतलं. गूळ, शेंगदाणे, पेला, पाणी, टापरं, तिची वाकळ, सगळं यांच्या पिठ्ठूत गेलं. माझं ओझं वाढलं, पण वाटणी बरोबर झाली.

उठल्यावर तिनं पाणी मागितलं. मी म्हटलं, "माझ्याकडं न्हाई." तिनं पिशवीत हात घालून बघितलं. तवा लागला. रडली. आम्ही चालू लागलो. ती माझ्या मागं रडत, हे पुढं. मग तिचं रडणं थांबलं आणि मी ऐकलं, "आवं, पानी द्या की."

मी यांना "आवं" म्हणायची, म्हणून तीही "आवं". मी दुरुस्त करायला गेले, तर यांनी हातानंच गप्प बसवलं. खाली बसून पेला भरला. काठोकाठ भरल्यानं अर्धं पाणी रस्त्यावर सांडलं.

पुसेसावळीपर्यंत ती यांचं बोट धरू लागली. विट्याला पोचेपर्यंत खांद्यावर. दोन्ही पाय छातीवर सोडलेले, यांनी दोन्ही हातांनी ते धरलेले, आणि वरून हुकूम चालू. "आवं, त्यो बैल बगा. आवं, हळू चाला. आवं, गूळ." उसाच्या गाडीवरच्या एका माणसानं ते ऐकलं आणि बैल थांबवून विचारलं, "गड्या, बायका दोन केल्यास का काय?"

"व्हय," हे म्हणाले, "धाकटी लय कडक हाय."

मी मागून चालत होते. खांद्यावर ओझं होतं आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. माधवनगरला पोचलो तेव्हा माझी आई दारातून हात पसरून धावत आली, तर पोरगी यांच्या केसांना घट्ट धरून बसली. उतरेचना.

सुट्टी संपली. यांना मिरजेहून गाडी धरायची होती. आमच्याकडं आणि यांच्याकडंही रीत एकच, माणूस लढाईच्या नोकरीवर निघाला की लहान पोराला नजरेआड करायचं. रडत्या लेकराच्या अंगावरून निघू नये म्हणतात. माझ्या बहिणीनं तिला शेजारच्या अंगणात नेलं. पिठ्ठू रिकामा करून मी तिच्या वस्तू काढून घेतल्या आणि यांचे कपडे घडी करून भरले.

"एकदा बघून यिऊ का?" यांनी विचारलं.

"बघा. पण हाक मारू नगासा."

शेजारच्या कुंपणाच्या भिंतीआडून यांनी बघितलं. ती गिरणीतल्या सुताच्या रिकाम्या कांड्या एकीवर एक रचत होती. एक मनोरा पडला, दुसरा रचला. हे उभे राहिले. मग रीत पाळली आणि वळले. मिरजेच्या वाटेवर दूरपर्यंत मला यांची पाठ दिसत होती.

त्यानंतर बरेच दिवस तिनं माझ्या हातून गूळ घेतला नाही. "आवंच्या पिशवीतला," म्हणायची आणि दाराकडं बघायची. मी समजावलं, रागावले, दुसरा गूळ आणला. नाही. मग हळूहळू घेऊ लागली. पुढं मेढ्याला परतल्यावर विचारणंही थांबलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. पुढच्या सुट्टीत पुन्हा चालत जाऊ, पुन्हा ओळख होईल, असा मी विचार केला होता.

वर्ष संपता संपता लढाई लागली आणि तार आली.

घर बायकांनी भरलं होतं. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आई, कोन गेलं?"

मी म्हटलं, "तुजं बाबा." तिला काही समजलं नाही. तो शब्द तिनं कधी वापरलाच नव्हता. म्हणून मी म्हटलं, "आवं गेलं, बाळ."

तिनं थोडा विचार केला. "आवं कोन?"

त्या दिवशी मी रडले ती या वाक्याला. बायकांना वाटलं, तारेला रडतेय.

आता ती मोठी झालीय, नोकरी करते. मी तिला तो रस्ता अनेकदा सांगितलाय, गावांच्या नावांसकट. ती मन लावून ऐकते. तिला त्यातलं काहीही आठवत नाही. नाटक करत नाही, हे तिचं मला आवडतं.

मागच्या महिन्यात आली होती. मी भाजी निवडत होते. म्हणाली, "आई, फोटोत बाबांचा चेहरा दिसतो. चालायचे कसे ते दिसत नाही."

मी भाजी बाजूला ठेवली, उठले आणि ओट्यापासून दारापर्यंत चालून दाखवलं. थोडं पुढं झुकून, पावलं लांब टाकत, जड.

"हात असे छातीपाशी का धरलेस?" तिनं विचारलं.

"तुझे पाय आहेत ना तिथं," मी म्हटलं.

मी दाराशी पोचले होते, आणि हात खाली सोडून परत कसं फिरायचं ते मला सुचेना.