म्हशीनं खाल्लेला ढोकळा

माझ्या माहेरी, मोरगावकडच्या जिरायत रानात, पदार्थ कधी बिघडला नाही. बिघडायला नवा पदार्थ व्हावा लागतो. आमच्याकडं बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेळीच्या दुधाचा चहा आणि सणाला गुळवणी, एवढंच. तेलाची बाटली आई अशी वाकडी करायची की थेंब पडायच्या आधीच ती सरळ व्हायची. करून बघू, चुकलं तर चुकलं, असं म्हणायला घरात जास्तीचं काही नव्हतं.

त्या घरातून एसटीच्या पासावर मी बारामतीला कॉलेजला गेले आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत पदवी घेणारी मी पहिली. हे मी सांगते, लपवत नाही.

लग्नानंतर इंदापूर तालुक्यात आले, लासुर्ण्याजवळच्या वस्तीवर. सगळीकडं ऊस, गोठ्यात दोन म्हशी, घरात साखरेचं पोतं. मी शेजारच्या गावात शाळेत विज्ञान शिकवते. स्वयंपाकघर थोरल्या जाऊबाईंकडं. शिक्षण सातवी. त्यांना मी आक्का म्हणते.

आक्कानं मोबाइलवर ढोकळा बघितला आणि केला. पहिल्याच झटक्यात कापसासारखा. मग पाव, मग पनीर. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, थोरलीला एकदा दाखवलं की बास. मी मात्र वजनकाटा आणला, वहीत ग्रॅम लिहिले, आणि माझे गुलाबजाम तेलात विरघळले. डोसा तव्यानंच ठेवून घेतला.

तेही मी सोसलं असतं. पण माझी मुलगी शाळेत निघताना डबा हातात घेऊन विचारायची, "आज मोठ्या आईनं केलंय ना?" हो म्हटलं तरच डबा दप्तरात जायचा. मी पोटची आई, आणि माझ्या पोरीच्या जिभेवर दुसरीचं राज्य. आक्का तिला घास भरवायला लागली की मी उठून उगीच कपड्यांच्या घड्या घालत बसायचे.

म्हणून तिच्या आठव्या वाढदिवसाला मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की केक मी करणार. बेकरीचा नाही. आपल्या गव्हाचा, आपल्या उसाच्या काकवीचा. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधी काढलेला पाक. गुऱ्हाळावरून डबा भरून आणली होती. कृतीत साखर दोनशे ग्रॅम होती, मी काकवी दोनशे ग्रॅम घेतली. आक्का शेजारी कांदा चिरत होती. ती हळूच म्हणाली, "ही पातळ हाय. दूध तेवढंच घातलं तर फुगंल का गं?"

मी म्हणाले, "आक्का, हे प्रमाणाचं शास्त्र आहे."

कुकरमध्ये तळाला मीठ घालून, शिट्टी काढून, तासभर ठेवला. झाकण उघडलं तर कडा करपलेल्या आणि मधोमध डबकं. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बी.एस्सी.चं थालपीठ हाय व्हय हे?" सगळे हसले. मुलगीही हसली, ते मला जास्त लागलं.

आक्कानं कढई चढवली. मधला गर काढून तिनं तुपावर परतला, वेलदोडा घातला, वाट्या भरल्या. मुलीनं वाटी चाटूनपुसून तिच्या गळ्यात हात टाकले. "मोठी आई, तुझा केक भारी." माझ्या पिठाचा, माझ्या काकवीचा, आणि तिचा केक! त्या आठवड्यात मी आक्काशी कामापुरतंच बोलले.

पुढं एकदा शाळा दुपारीच सुटली. घरची माणसं रानात होती. गाडी लावताना गोठ्यात नजर गेली. म्हशीच्या घमेल्यात, भिजवलेल्या पेंडीवर, पिवळे चौकोनी तुकडे पडलेले. विटेसारखे टणक. आणि आक्का काठीनं ते पेंडीखाली ढकलत होती.

मला बघून ती थांबली. "कुणाला सांगू नगंस. मक्याचा ढोकळा करून बघत हुते. तिसऱ्यांदा बसलाय."

मी विचारलं, हे कधीपासून चाललंय. ती म्हणाली, "पयल्यापासनं. जेवढं म्हशीनं खाल्लंय तेवढं तुमी न्हाय खाल्लं."

सगळ्यांसमोर यायचा तो पाचवा नाहीतर सहावा घाणा. आधीचे दुपारी, घर रिकामं असताना. मी विचारलं, मग लपवतेस कशाला.

"तुझं बिघडलं तर म्हंत्यात, नोकरी करती, कुठनं सवड मिळायची. माझं बिघडलं तर म्हणतील, दिवसभर घरात असून एवढं बी येत न्हाय. तुझ्याकडं शाळा हाय. माझ्याकडं ह्येच हाय."

मला तिच्या हाताचा हेवा होता. त्या दुपारी कळलं, तिचा हात माझ्यासारखाच चुकणारा आहे. तरी हेवा गेला असं मी लिहिणार नाही. आता तो दुसऱ्याच गोष्टीचा वाटायला लागला. पाच वेळा चुकून सहाव्यांदा चूल पेटवायची, आणि त्यातला चकार शब्द काढायचा नाही! मी तर पहिल्या चुकीलाच वही मिटत होते.

मी म्हणाले, "म्हशीला माझंही चालेल का?"

आक्का हसली. "तिला काय, ती नावं ठेवत न्हाय."

मग रविवारी दुपारी आम्ही दोघी बसायला लागलो. पहिला केक म्हशीला गेला. दुसराही. तिसऱ्यात काकवी तेवढीच ठेवून दूध कमी केलं. कमी कर हे आक्कानं सांगितलं, किती ते मी मोजलं. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. म्हशीचं दूध गोड लागतंय, एवढंच त्या एकदा म्हणाल्या.

यंदा मुलीचा नववा वाढदिवस आला. केक मी केला. तो मधोमध फुगला. तिनं दोन तुकडे खाल्ले, कुणी केलाय हे विचारलं नाही, आणि तिसरा मागताना ताटली माझ्यापुढं धरली.