रक्त द्यायला नाही म्हटलं तेव्हा

आत्या गेल्याचा फोन आमच्या डोंबिवलीच्या शेजाऱ्यांकडे आला. काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं, ठाण्याहून फोन आहे, आईला घेऊन ये." त्याला आता महिना झाला. आत्या बाबांची मोठी बहीण. बाबा अडतिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. आत्याही तशीच गेली...

ती ठाण्यात एकटी राहायची, एका प्रयोगशाळेत काम करायची. काही घरांत तरुणपणीच रक्तवाहिन्या चरबीने का बुजतात, त्याचं मूळ कुठल्या जनुकात आहे, हे ती शोधत होती. त्यासाठी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचं रक्त लागायचं. सुट्टीत बर्फाचा डबा धरायला ती मला न्यायची. कोलशेतच्या एका कोळी घरात तिने आदल्या दिवशी बजावलं होतं, उपाशीपोटी थांबा. गेलो तर पातेल्यात चहा उकळत होता.

"काही खाल्लं नाही ना?"

"नाय गो बाय, उपाशीच हाव. निसता चाय न् दोन बटर."

आत्या हसली, बसून तिनेही चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

एकदा प्रयोगशाळेत तिने स्वतःच्या रक्तातला डीएनए काढून दाखवला. नळीत गार अल्कोहोल सोडलं आणि पांढरा, लोकरीसारखा धागा तरंगू लागला. मी विचारलं, "बाबांना जे होतं, ते यात असेल?"

"असेल. मला तुझंही बघायचंय. देतेस रक्त?"

मी दहावीत होते. सुईची भीती वाटते म्हणून सांगितलं. भीती उत्तराची होती. ती "बरं" म्हणाली आणि तिने परत कधी विचारलं नाही. मीच ठाण्याला जाणं कमी केलं. कॉलेज, सबमिशन्स... कारणं मिळत गेली. तिने एकदा तरी पुन्हा विचारावं असं मात्र वाटत राहिलं.

गेल्या आठवड्यात तिचं प्रयोगशाळेतलं सामान आणायला गेले. तिच्या सहकारी नलिनीताईंनी फ्रीझरमधून आमच्या घराच्या नळ्या काढल्या. एक आजीची, एक तिची स्वतःची. वर नावं नाहीत, तिच्या अक्षरात नुसते आकडे. तिसरीवरही आकडा होता, आत काहीच नव्हतं.

"ही तुझी," ताई म्हणाल्या. "आकडा पुसट झाला की मॅडम परत गिरवायच्या. आम्ही म्हणायचो, उगाच जागा अडतेय. ऐकतील तर शपथ."

मी बाही वर केली. ताईंना शीर सापडेना. "मॅडमना पटकन मिळाली असती गं."

मी दुसरा हात पुढे केला.