माझा दोन, त्यांचा तीन

लग्न होऊन मी उदगीरहून हळ्ळीखेडला आले, तेव्हा मैसूर राज्याचं नाव बदलून नुकतंच कर्नाटक झालं होतं. मला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. सासरी सगळे मराठीच बोलायचे, भाकरी तीच, शेंगाची चटणीही तीच. फरक एवढाच की मी मराठी शाळेत शिकलेली आणि नवरा कन्नड शाळेत. बसवरची पाटी आली की मी अडाणी. माझ्या माहेरचं पत्र आलं की हे अडखळत वाचणार. त्यामुळे आमचा संसार अगदी बरोबरीचा होता.

दारात मामंजींची मोटार उभी असायची. हैद्राबादहून जुनी आणलेली, शेवाळी रंगाची, दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. मामंजी जाऊन दोन वर्षं झाली होती. आता ती गाडी फक्त गुरुवारी निघायची. त्या दिवशी ह्यांचं खत-बियाण्यांचं दुकान बंद असे आणि हे सासूबाईंना मादन हिप्परग्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे घेऊन जात. बहीण कंबर मोडून खाटेला खिळली होती. सासूबाईंचे गुडघे असे की बसची पायरी त्यांना चढवत नसे आणि जीपच्या मागच्या फळीवर बसणं तर दूरच. गाडी आहे तोवर बहिणी भेटणार, इतका साधा हिशेब होता.

श्रावणात गाडी मिसिंग मारू लागली. सपाटीला बरी चालायची, चढ आला की उचकी लागल्यासारखी अडखळायची. "गाडीला मिशिंग लागलंय," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, जनावराला खुरकूत लागावी तसं. ह्यांनी कुठूनतरी ऐकलं की प्लग घासले की मिसिंग जातं. झालं, बुधवारी संध्याकाळी बॉनेट उघडलं.

"चारी वायरी काढायलोय. अदलाबदल हुईल. चिकटपट्टी लावून नंबर टाक बघू," हे मला म्हणाले.

माझं अक्षर चांगलं, म्हणून काम मला. औषधाच्या चिकटपट्टीचे तुकडे कापून मी प्रत्येक वायरीला एकेक डकवला आणि पेनानं ठसठशीत लिहिलं. १, २, ३, ४. वर शेखीही मिरवली की आंधळ्यालासुद्धा दिसेल. ह्यांनी प्लग रॉकेलमध्ये बुडवून पॉलिश पेपरनं घासले, परत बसवले, वायरी जोडल्या.

गुरुवारी सकाळी गाडी सुरू झाली ती थरथर कापत. बॉनेटखालून फटाफट शिंका. कशीबशी वेशीपर्यंत गेली आणि बंद पडली. चार माणसांनी ढकलत परत आणली.

"इंजन बसलं," हे म्हणाले. "आता ह्यात जीव न्हाई. बिदरचा एकजण कवापासून मागायलाय, दिऊन टाकू."

सासूबाई नवं लुगडं नेसून, बहिणीसाठी चटणीचं गाठोडं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्या उतरल्या, आत गेल्या, गाठोडं सोडून चटणी परत बरणीत घातली. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भांडायला त्या काही कमी नव्हत्या. पण पाच दिवस घरात त्यांचा आवाज नव्हता आणि मला ते सोसवेना.

गिऱ्हाईक पुढच्या रविवारी येणार होतं. मंगळवारी हे दुकानात गेले आणि मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, स्टँडजवळच्या उस्तादाला बोलवू का?" त्यांनी नुसती मान डोलावली.

उस्ताद म्हणजे पांढऱ्या दाढीचा, सायकलवर फिरणारा मिस्त्री. सासऱ्यांच्या वेळेपासून ह्या गाडीची नाडी त्याच्या हातात होती, आणि आपल्याला न विचारता प्लग काढले म्हणून तो आधीच फुगला होता. त्यानं इंजिन चालू केलं. हाताला कोरडं फडकं गुंडाळून एकेक वायर उपटायची आणि कान द्यायचा. पहिली उपटली, इंजिन आणखी मेलं. लावली. दुसरी उपटली, काही फरक नाही. तिसरी उपटली, तरी नाही. चौथी उपटली तर बंदच पडलं.

"बीच के दोनों सो रैं," तो म्हणाला. मग चिकटपट्ट्यांकडे बोट केलं. "ये क्या लिखे सो है? मेरे को ना मराठी आती, ना कानडी. पढो."

मी वाकले. पहिल्या प्लगवर एक. दुसऱ्यावर तीन. तिसऱ्यावर दोन. चौथ्यावर चार. चूक माझीच, असं आधी वाटलं. पण मी तर बरोबर लिहिलं होतं, जागेवर बघून लिहिलं होतं.

उस्तादानं मधल्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि चावी फिरवली. इंजिन असं गुळगुळीत चालू लागलं की सासूबाई उंबऱ्यावरून उठून गुडघे धरत अंगणात आल्या. मिसिंग तर प्लग घासले तेव्हाच गेलं होतं.

संध्याकाळी हे आल्यावर मी कागदावर एकच आकडा काढून पुढं धरला, शेपूट सोडलेला, माझा नेहमीचा दोन. "हे काय हाय?"

"मूरु," हे फटकन म्हणाले. "तीन."

आणि मला कळलं. कन्नड तीन नि आपला दोन जवळजवळ सख्खे भाऊ. ह्यांचा हात दुकानातल्या पोत्यांवर दिवसभर कन्नड आकडे टाकणारा. त्यांनी माझा दोन तिसऱ्या प्लगला लावला आणि उरलेली वायर उरलेल्या जागी. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते आधी कागदाकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

"मग आकडा नीट काढायचा न्हाईस का?"

"मी नीटच काढला. तुम्ही कन्नडात वाचला, त्याला मी काय करू?"

सासूबाईंनी कागद हातात घेऊन उलटासुलटा केला. "मला तं दोन्ही सारकेच दिसायलेत," त्या म्हणाल्या आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा हसल्या.

पण ह्यांचं भलतंच निघालं. "चांगलं झालं," म्हणाले, "चालती गाडी बघून गिऱ्हाईक घासाघीस करणार न्हाई." सासूबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. "येवढ्या गुरवारी तरी ने मला," एवढंच त्या बोलल्या.

गुरुवारी मीही बरोबर गेले. आळंदकडचे चढ गाडीनं न अडखळता घेतले. मावशी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले, घट्ट वेणी, कपाळावर ठसठशीत कुंकू. सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि दोघी एकमेकींचे हात चाचपत राहिल्या. मावशींची सून पाणी घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "मागल्या गुरवारी बी असंच येणी घालून बसल्या व्हत्या. दिवेलागणीला मी म्हनलं, आता आडवं व्हा. तर म्हनल्या, गाडीला कायतरी झालं असंल, येतीलच."

मी खाली बघत राहिले. चूक ह्यांची नव्हती, माझीही नव्हती, तरी लाज वाटली. हे पाण्याचा तांब्या हातात धरून तसेच उभे होते, प्याले नाहीत.

रविवारी बिदरचा माणूस आला. त्यानं गाडीला दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारली. ह्यांनी त्याला बसवून चहा पाजला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. तो चिडला. यायला लावलंत नि आता न्हाई म्हणायलाव, कामून?

ह्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, जिथं सासूबाई कान देऊन उभ्या होत्या.

"गुरवारी लागती," हे म्हणाले.